धोंड्याचा उन्हाळा

या साली धोंड्याचा महिना पुन्हा उन्हाळ्यात आला.

मिरजेत मी ज्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिथं पिठाच्या कोठीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. दूध कधी नासलं, सिलिंडर कधी बदलला, याच्या खुणा आम्ही तिच्यावर करतो. जानेवारीतच मी तिची पानं पुढं उलटली. मे महिन्याच्या मधोमध ‘अधिक ज्येष्ठ’ अशी बारीक अक्षरं दिसली आणि कोणी बघतंय की काय अशा घाईनं मी पानं खाली सोडली. आठ वर्षांपूर्वी तो असाच ज्येष्ठात आला होता. मधे एकदा आश्विनात आला तो टाळेबंदीत गेला, मग श्रावणात आला, पण तेव्हा घरात आजारपण होतं, कोणाला धोंड्याची शुद्ध नव्हती. आता पुन्हा तोच महिना आणि तीच झळ. त्या दिवसापासून पाच महिने मी दिवस मोजत राहिले.

हा जादाचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि आमच्याकडे तो लेकी-जावयांचा. लेकीला आणि जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले कणकेचे धोंडे जेवायला घालायचे, तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे आणि दोघांना पाटावर बसवून ओवाळायचं. ओवाळताना सोनं लागतं. अंगठी आणि सुपारी चिमटीत धरून तोंडाभोवती तीनदा फिरवायची, मग दिव्याचं ताट. हे सगळं करायचं लेकीच्या आईनं.

इथपर्यंत सरळ आहे. माझ्या घरात वाकडं इथूनच सुरू होतं.

आठ वर्षांपूर्वी वैशालीचा पहिला धोंडा होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी मिरजेहून कुंभार पिंपळगावला गेले होते. घर माझ्या सासरचं, म्हणजे आता थोरल्या जाऊबाईंचं. मी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. त्या सकाळी बाईंनी बोटातली अंगठी सहज काढली, सुपारी घेतली, आणि वैशाली-जावयाला ओवाळलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला कोणी अडवलं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं. वैशाली पाया पडली ती आधी बाईंच्या, मग माझ्या. जावयानं मोबाइलवर फोटो काढले. त्यातल्या एकात मी आहे. तांब्या पूर्ण आलाय, मी कोपरापर्यंत.

कोणाची चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं. रागावून मोकळी झाले असते.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी धाकटी भावंडं होती, म्हणून सातवीचा निकाल हीच माझी शेवटची शाळा. लग्नानंतर काही वर्षांनी आमचे हे आणि मी दसऱ्याला ट्रकमध्ये बसून सांगलीकडं ऊस तोडायला जायला लागलो. पहिल्या साली पोरं बरोबर नेली. वैशाली दुसरीत होती, अमोल चार वर्षांचा. ती दिवसभर उसाच्या पाचटाच्या झोपडीवजा कोपीत भावाला धरून बसायची. पाडव्यानंतर परत आलो तेव्हा गुरुजींनी तिला फळ्यावर नाव लिहायला लावलं. तिनं ‘वै’ काढला आणि पुढं हात हललाच नाही. खडू धरून उभी राहिली. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते.

पुढच्या दसऱ्याला ट्रक भरला. पातेली, गोधड्या, कोयते, वर पोरं. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात बाई आल्या, हाताला पीठ लागलेलं तसंच. त्यांनी फळीवरून वैशालीला दंडाला धरून खाली घेतलं, मग अमोलला कडेवर घेतलं. “पोरं शाळेत जातील. तुमी जा,” एवढंच म्हणाल्या. भाऊजी, म्हणजे बाईंचे मालक, मागं उभे होते, त्यांच्या हातात वैशालीचं दप्तर होतं. म्हणजे घरात आधीच ठरलं होतं, फक्त आम्हाला सांगायचं राहिलं होतं.

बाईंना मूल नव्हतं. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या घरात हे वाक्य कोणी उच्चारत नाही.

मग आम्ही मिरजेतच राहिलो. यांना लाकडाच्या वखारीत काम मिळालं, मला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. पोरांना घेऊन यायचं होतं. चौथी होऊ दे, म्हणालो. मग सातवी, मग दहावी. पत्र्याच्या एका खोलीत त्यांना आणून कुठली शाळा दाखवणार होतो, असं स्वतःला समजावत राहिलो, आणि पोरं तेवढ्यात मोठी झाली. वैशाली बाईंना ‘माय’ म्हणते आणि मला ‘आई’. ‘आई’ हा शब्द तिनं पुस्तकातून उचलला असावा, कारण आमच्या गावात तेव्हा कोणी आईला आई म्हणत नव्हतं. तिच्या तोंडून तो शब्द नेहमी इस्त्री केल्यासारखा येतो. स्वच्छ, घडीचा, पाहुण्यासमोर घालायचा.

न मागता मिळालेल्या गोष्टीचं काय करायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नाही. मागून घेतलं असतं तर एकदा हात जोडून, आभार मानून मोकळी झाले असते. आता आभार हा माझा स्वभावच होऊन बसलाय. मी बाईंच्या घरी गेले की वाकून चालते. बसले की उठते. चहा घेतला की कप विसळते, माझाही आणि दुसऱ्याचाही. वैशाली एकदा चिडून म्हणाली होती, की तू आलीस की घरात कोणीतरी सारखं झाडतंय असं वाटतं.

तर त्या पहिल्या धोंड्यानंतर मिरजेला परत जाताना मी एक ठरवलं. पुढच्या वेळी ओवाळायचं सोनं माझं असेल. थोडं थोडं साठवत, एक अगदी साधी, नक्षी नसलेली अंगठी मी केली. यांनाही दाखवली नाही. कमरेला खोचायच्या कापडी पिशवीत, सुपारीच्या पुडीखाली ती पडून राहिली.

एप्रिलच्या शेवटी बाईंचा फोन आला. भाऊजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इकडचं-तिकडचं झालं, ऊन लई झालं म्हणाल्या, आणि मग एकदम: “सुमन, ह्या बारीला ओवाळायचं तुलाच हाय. जल्दी ये.”

मला आनंद झाला. पहिल्यांदा आनंदच झाला, हे लपवून काय करू. त्या दिवशी शंभर मुलींच्या पोळ्या मी गुणगुणत लाटल्या. निम्म्या लाटून झाल्या आणि लाटणं हातातच थांबलं. बाईंनी ती जागा मला दिली नव्हती. त्या तिथून उठल्या होत्या. नवरा गेलेल्या बाईनं लेकी-जावयाला ओवाळायचं नसतं, म्हणून. मला आठ वर्षं जे हवं होतं ते आता मिळत होतं, आणि ते भाऊजींच्या मरणातून माझ्याकडं येत होतं.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. निघायच्या बारा दिवस आधी पिशवी भरून झाली. रोज ती उपसायची, परत भरायची. आमचे हे म्हणाले, भरलीच आहेस तर तिला आता रोज दोन घास घालत जा. यांना रजा नव्हती. वसतिगृह सुट्टीचं बंद झालं त्या दिवशी मी तांदूळ भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, सावलीत वाळवले, दळले, गूळ घालून मळून गोळा केला आणि स्टीलच्या डब्यात दाबून भरला. बाईंच्या घरात सगळं मिळतं. पण अनारशाचं पीठ मला माझंच न्यायचं होतं.

पहाटे मिरज सोडलं, सोलापूरला गाडी बदलली, बीडला बदलली. दोन्हीकडं जागा मिळाली ती ड्रायव्हरच्या मागची, इंजिनाजवळची. डबा मांडीवर. खाली ठेवला तर कोणी पाय लावील म्हणून दिवसभर सोडला नाही. गोदावरीचा पूल ओलांडला की माझे कान आपोआप उभे राहतात. शेजारची बाई कंडक्टरला म्हणत होती, “आता अंबड किती दूर राह्यलं?” तेवढ्या ‘राह्यलं’साठी मी वळून तिच्याकडं बघितलं. मिरजेत कोणी असं बोलत नाही. माझंही बोलणं आता तिकडचं झालंय.

अमोल अंबडला राहतो. कोर्टाजवळ त्याचं टायपिंगचं दुकान आहे. त्याच्याकडं दोन दिवस राहिले. रूपाली, माझी सून, मला कशाला हात लावू देत नाही. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला नाव चिकटवलंय आणि प्रत्येक झाकण आपापल्या डब्यावर आहे. मला करायला काही उरत नाही. सकाळी पाचला जाग येते. कूलर घरघरत असतो, सगळे झोपलेले, आणि मी परक्या ओट्याशी उभी राहून गाळणी कुठं असेल याचा अंदाज करते. उघडावं तर आवाज होईल. मग खिडकीत उभी राहते. समोर लिंबाखाली चहावाला शेगडी पेटवतो, एक म्हातारं जोडपं तालुक्याच्या कामाला लवकर येऊन सावली धरून बसतं. त्यांच्या मांडीवरही डबा असतो. मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं.

अमोल म्हणायचा, आई, जरा बस की. मी बसायचे. मग तो मोबाइलमध्ये बघायला लागला की उठायचे. दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. धोंड्याला तो पिंपळगावला येणार नव्हता, कारण त्याच दिवशी त्याला त्याच्या सासरी धोंड्याचं आवतण होतं. मी म्हटलं, माय ओवाळणार नाही म्हणते. तो म्हणाला, मग तू ओवाळ, त्यात काय एवढं. घास चावता चावता त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, “पण तुला ओवाळायचंय का?”

मी त्याला अजून एक पोळी वाढली. त्याला नको होती.

अंबडहून घनसावंगी आणि तिथून पिंपळगाव. नांगरून टाकलेली काळी रानं दोन्ही बाजूंना उघडी पडलेली, ढेकळांवर ऊन थरथरणारं. मधेच मोसंबीची बाग येते. झाडं मलूल, पानं दुमडलेली. नवख्या माणसाला वाटावं बाग गेली. पण गेलेली नसते. या दिवसांत मुद्दाम पाणी तोडतात. ताण दिला म्हणतात. झाड तहानेनं कासावीस झालं की मग पाऊस लागताच अंगभर फुलतं. मी लहानपणापासून हे बघते आहे आणि प्रत्येक वेळी मला झाडाची दया येते, फुलांचा विचार नंतर.

बाई फाट्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या. वाळल्या होत्या. कपाळ मोकळं. ते मी दोन वर्षांपूर्वीही पाहिलं होतं, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आता रस्त्यावर, भर उन्हात ते एकटं दिसलं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, रस्त्यात नको, गाड्या येतात.

चालता चालता मी विचारलं, “बाई, एकट्याच काय करालाय घरात दिवसभर?”

“‘करालाय’ म्हणं,” त्या म्हणाल्या. “कोण सांगलीची पाहुणी आली बापा. मी काय करून राह्यले? तुझी वाट पाहून राह्यले.”

त्या रात्रीच्या जेवणाआधी, अंगणात भाकरी भाजत असताना मी एकदाच बोलले. म्हटलं, बाई, पहिला धोंडा तुम्ही ओवाळलात, हाही तुम्हीच ओवाळा. आता हे सगळं कोण मानतं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “मी मानते,” त्या म्हणाल्या. “पोरीचा संसार हाय, सुमन. माझ्या हातून काई उनं-दुनं झालं तर? मी बिलकुल समोर येणार न्हाई. आतल्या चुलीपाशी बसून राहीन. तिथून दिसतंच की.”

दिसत नाही. चुलीपासून पाटाची जागा दिसत नाही, मधे भिंत आहे. मला ते घर माहीत आहे.

मी पुढं बोलले नाही. कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात एक वळवळ होती. मी शहरात राहते, वसतिगृहातल्या मुलींची बोलणी ऐकते, पण लेकीच्या कपाळापुढं दिवा आला की मीही भितेच. आणि त्या भीतीच्या खाली, अगदी खाली, एक गोष्ट होती जी भीतीपेक्षा वाईट होती. मला बरं वाटत होतं. उद्या वैशालीसमोर ताट माझ्या हातात असणार होतं. पोटाशी ती अंगठी टोचत होती आणि मी कूस बदलत होते.

सकाळी सातलाच अनारसे तळायला घेतले. धोंडे बाईंनी आधीच करून झाकून ठेवले होते. मी डबा उघडला. गोळा हाताला चिकटला, पण मला वाटलं गुळामुळं असेल. खसखशीवर पहिला अनारसा थापला, तुपात सोडला, आणि तो सोडल्या सोडल्या विरघळला. जाळी नाही, काही नाही, तुपावर नुसता भुगा तरंगायला लागला. दुसरा तसाच, तिसराही. दिवसभर इंजिनाजवळ मांडीवर धरलेला डबा. गुळाला पाझर फुटला होता आणि पीठ सैल झालं होतं. मायेनं जपलं म्हणून बिघडलं. खाली ठेवलं असतं तर नीट राहिलं असतं.

मला रडू यायचं बाकी होतं. दहा वाजता लेक-जावई येणार, वाणाला तेहतीस हवेत आणि कढईत भुगा. बाईंनी कढई उतरवली, तूप गाळलं, कोरड्या तांदळाची पिठी घेतली आणि गोळा स्वतःपुढं ओढला.

“तुझं मन तसंच हाय,” त्या म्हणाल्या. “लई घट्ट धरतीस, मंग पाझरतं.”

मळायला लागण्याआधी त्यांनी बोटातली अंगठी काढायला पाहिली. निघाली नाही. तेल लावलं, फिरवली, ओढली. बोटाचं पेर सुजून गाठीसारखं झालं होतं, अंगठी त्याच्या अलीकडं अडकून बसलेली. भाऊजी असतानापासून निघत न्हाई, म्हणाल्या, सोनाराकडं कापून घ्यावी लागंल. आणि तशाच, अंगठीसकट, पीठ मळायला बसल्या. सोन्याच्या कडेला पिठाची रेघ भरत गेली.

मी त्या हाताकडं बघत राहिले. याच हातांनी वैशालीला ट्रकवरून उतरवलं. तिच्या वेण्या घातल्या, गोवर निघाला तेव्हा अंगाला कडुनिंबाचा पाला फिरवला, दहावीच्या पेपराला जाताना दही ठेवलं. मी त्यातलं एकही पाहिलेलं नाही, सगळं ऐकलेलं. हा हात वैशालीला बाधत असेल, तर मग तिचं सगळं लहानपणच बाधलेलं म्हणायला पाहिजे. चौथा अनारसा तुपात गेला, हळूहळू जाळी सुटली, बदामी झाला. माझ्या मनातली वळवळ तेवढ्यात कुठं गेली, कळलं नाही. दुसरी गोष्ट मात्र अजून पोटाशी टोचत होती.

वैशाली आणि जावई दहाच्या ऐवजी साडेअकराला आले. टेंभुर्णीहून जालना, जालन्याहून अंबड, सगळीकडं गाड्या उशिरा. जावई तिकडं शाळेत शिक्षक आहेत, बोलायला मऊ. वैशाली घरात शिरली ती थेट चुलीपाशी गेली. “माय, किती वाळलीस,” एवढं ऐकू आलं. मग बाहेर आली आणि मला म्हणाली, “आई, तू कशी आहेस?” मी म्हटलं, बरी आहे.

जेवणं झाली. पाट मांडले, रांगोळीची रेघ ओढली. तेहतीस अनारशांचं ताट, त्यावर दिवा. दोघं पाटावर बसली. वैशाली मान वळवून चुलीच्या खोलीच्या दाराकडं बघत होती. तिथं बाईंच्या पदराचं टोक तेवढं दिसत होतं. मग ती म्हणाली, काय ते जल्दी करा, ह्यांना तीनची गाडी गाठायचीय.

मी ताट उचललं. कमरेच्या पिशवीला हात घातला. सुपारीची पुडी लागली, तिच्या खाली अंगठी लागली. गार होती, एवढ्या उन्हातही. आठ वर्षं मी हा क्षण इतक्या वेळा करून पाहिला होता, की हात आपोआप चालायला हवा होता. वैशाली माझ्याकडं बघत होती, आदरानं, घडीच्या चेहऱ्यानं. आठ वर्षांपूर्वी बाईंनी ओवाळलं तेव्हा तिनं डोळे मिटले होते. ते मला आत्ता आठवलं. तोंड धुवून घेणाऱ्या पोरासारखे मिटले होते.

मी नुसती सुपारी बाहेर काढली.

“बाई,” मी आत हाक मारली, “ओवाळायला सोनं न्हाई माझ्यापाशी. तुमची अंगठी द्या.”

जावई लगेच स्वतःच्या बोटाकडं हात नेत म्हणाले, माझी घ्या ना. मी म्हटलं, जावयाच्याच सोन्यानं जावयाला ओवाळतात होय? वैशालीनं हात वर केला तर तिलाही गप्प केलं. मी इतक्या ठसक्यात या घरात कधी बोलले नव्हते. माझं मलाच ऐकू आलं.

बाई दारात आल्या. उंबऱ्याच्या आतच. अंगठी ओढत होत्या. “निघत न्हाई, तुला म्हाईत हाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“मग हातच आणा हितं. दिवा विझंल. ताट जड हाय, मला एकटीला पेलत न्हाई.”

त्या उंबऱ्यावर थांबल्या. वैशालीनं मान खाली घालून, वाट बघणाऱ्या माणसासारखे, डोळे मिटून घेतले.

बाई आल्या. मी ताट धरलं. त्यांच्या चिमटीत सुपारी दिली. सुजलेल्या पेरामागं ती अंगठी, अजून कडेला पीठ होतं. त्यांनी वैशालीच्या तोंडाभोवती हात फिरवला. पहिला फेरा लांबून झाला, दुसरा जवळून, तिसऱ्याला बोटं तिच्या गालाला लागली. मग जावयाला. त्यांच्या चष्म्यावर अक्षता अडकल्या, त्या त्यांनी तशाच राहू दिल्या. मी दिव्याचं ताट फिरवलं. फोटो कोणी काढला नाही, सगळे पाटापाशीच होते.

ते दोघं तीनच्या गाडीला गेले. मी अजून दोन दिवस राहिले आणि त्या दोन दिवसांत कप मी फक्त माझाच विसळला. तिसऱ्या सकाळी बाई फाट्यावर सोडायला आल्या. उन्हाला अजून धार यायची होती. गाडी दिसायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, “कमरेच्या पिशवीतली अंगठी बोटात घाल. गर्दीत पडंल कुठं.”

मी कमरेची पिशवी चाचपली. त्यांनीच सांगितलं, की आल्या दिवशी मी न्हाणीत गेले तेव्हा पिशवी खुंटीवर टांगली होती, ती खाली पडली, त्यांनी उचलून ठेवली. म्हणजे मी सोनं नाही म्हणाले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. उंबऱ्यावर थांबल्या तेव्हाही.

“मंग आलात कामून?” मी विचारलं. माझी बोली माझ्या नकळत इकडची झाली होती.

“तू एवढं खोटं बोललीस,” त्या म्हणाल्या, “मंग काय करू?”

गाडी थांबली. त्यांनी मला दंडाला धरून पायरीवर चढवलं. “पुढच्या धोंड्याला तुझी अंगठी. ताट मी धरीन.”

आत उभ्याची गर्दी होती. मी एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं, कोणी बघत नाही असं बघून, अंगठी काढून बोटात घातली. थोडी सैल आहे. मोसंबीच्या बागा मागं पडत होत्या, मलूल, अजून ताणावर. इतके दिवस पोटाशी टोचणारी ती वस्तू बोटात नुसती फिरत होती, आणि अंबड येईपर्यंत मी ती फिरवतच राहिले.